प्रतिकृति-विमानांवरील काचतंतू विलेपन

बाल्सा लाकूड किंवा फेस-प्लॅस्टिक यांपासून बनविलेल्या प्रतिकृति-विमानाच्या पृष्ठावर काचतंतूंचे तलम कापड द्रव रेझिनाने चिकटवून कठीण व गुळगुळीत कवच तयार करण्याच्या क्रियेस काचतंतू विलेपन म्हणतात. बाल्सा वजनाने अतिशय हलके असले, तरी ते सहज दबते व ओलावा आणि इंधन शोषून घेते. या दोषांचे निवारण करणे, हा विलेपनाचा हेतू होय.

पूर्वी प्रतिकृतीच्या सांगाड्यावर रेशीम किंवा पातळ कागद ताणून बसवीत व त्यावर ‘डोप’ या सेल्युलोजयुक्त रोगणाचे थर देत. १९५७ मध्ये जर्मनीत ‘फिनिक्स’ हे काचतंतू-प्लॅस्टिकच्या संरचनेचे पहिले ग्लायडर उडाले. पुढे हे द्रव्य प्रतिकृतींसाठीही रूढ झाले. भारतात राष्ट्रीय छात्रसेनेचा हवाई विभाग १९५० मध्ये मुंबई व कलकत्ता येथील पथकांनी सुरू झाला. प्रतिकृति-विमानविद्या हा त्याच्या शिक्षणक्रमाचा एक भाग आहे.

कृती : प्रथम पृष्ठ काचकागदाने घासून धूळ पुसून घेतात. त्यावर दर चौ. मी.ला सु. २५ ग्रॅ. वजनाचे कापड सुरकुती न पडता पसरतात. एपॉक्सी रेझीन व दृढीकारक उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात मिसळून मिश्रण मध्यभागाकडून कडांकडे पसरवितात. नंतर लवचिक प्लॅस्टिक पट्टीने जादा रेझीन निपटून काढतात व टिपकागदाने टिपतात. थर पक्का झाल्यावर कडा घासून दुसरा पातळ हात देतात, त्यामुळे विणीची छिद्रे बुजतात. पॉलिएस्टर रेझिनातील स्टायरिनामुळे पॉलिस्टायरीन फेस विरघळतो. म्हणून अशा फेसावर एपॉक्सीच वापरतात.

वजन : कवचाला बळकटी मुख्यतः काचतंतूंमुळे येते, रेझीन त्यांना बांधून ठेवते. म्हणून रेझिनाचे वजन कापडाच्या वजनाइतकेच ठेवण्याचा प्रयत्न करतात. १.५ मी. लांब व २५ सेंमी. रुंद पंखाच्या दोन्ही बाजूंचे क्षेत्रफळ ०.७५ चौ. मी. भरते. त्यास सु. १९ ग्रॅ. कापड व तितकेच रेझीन लागते. रेझीन तिप्पट राहिल्यास एकूण वजन ३८ ग्रॅ. ऐवजी सु. ७५ ग्रॅ. होते, बळकटी मात्र त्या मानाने वाढत नाही. शेपटावरील जादा वजन विशेष घातक ठरते. त्यामुळे गुरुत्वमध्य मागे सरकून विमान अस्थिर होते व तोल साधण्यासाठी नाकात आणखी वजन घालावे लागते.

हवामान : नंदुरबार जिल्ह्यातील विसरवाडीसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात कडक ऊन, तर पावसाळ्यात दमट हवा असते. तापमान १०° से.ने वाढल्यास रेझीन साधारणपणे निम्म्या वेळात घट्ट होते. म्हणून उन्हाळ्यात हे काम सकाळी करणे, मिश्रण थोडे करणे व ते उथळ भांड्यात ठेवणे इष्ट असते. खोल भांड्यात ते स्वतःच्या उष्णतेने तापून धुमसू शकते. दमट हवेत काही दृढीकारकांमुळे पृष्ठावर चिकट पापुद्रा येतो. तो पाण्याने धुऊन व घासून काढल्याशिवाय पुढचा थर नीट धरत नाही.

सुरक्षितता : एपॉक्सीच्या वारंवार स्पर्शाने त्वचेस कायमची अधिहर्षता जडू शकते. त्यामुळे हातमोजे आवश्यक असतात. घासताना उडणारी काचेची धूळ श्वासावाटे आत जाऊ नये म्हणून मुखपट्टी वापरतात आणि शक्यतो पृष्ठ ओले करून घासतात.