वेणी, सुटे पैसे आणि बुद्ध्यांक

"बुद्ध्यांक किती आला?" आईवडील खुर्चीत टेकण्याआधीच विचारतात. मी उलट विचारते: मुलगी वेणी स्वतः घालते का? दुकानातून सुटे पैसे मोजून आणते का? नुसता आकडा साधारण ७०च्या खाली गेला म्हणून बौद्धिक अक्षमता ठरत नाही. रोजच्या व्यवहारातही अडचण दिसावी लागते, तीही वाढीच्या वयापासून. ही बाजू तपासणारी व्हाइनलँड मोजपट्टी भारतीय घरांसाठी नागपूरच्या डॉ. मालिन यांनी बेतली. बुद्धीसाठी बिने-कामत चाचणी, डॉ. कामतांनी ती १९३०च्या दशकात मराठी आणि कन्नड मुलांसाठी तयार केली. तिचे निकष जुने झालेत, हे मी अहवालात लिहितेच. आणि कमी ऐकू येण्याने गुण कमी पडू नयेत, म्हणून कान तपासल्याचा कागद नसेल तर चाचणीची पेटी उघडत नाही. पालक चिडतात. चिडू देत.