तीन किलोमीटर दोर

पहाटे ५.१०
बंगालचा उपसागर. डेकवर अजून काळोख. सारंगकाका, म्हणजे खलाशांचे म्होरके, चहा संपवून हातमोजे चढवतात. जहाजावर मिळतात ते फार जाड. "गाठ हाताला लागत नाय." म्हणून हे चेन्नईत बंदराबाहेर घेतलेले, साठ रुपये जोडी. एका फेरीत तीन-चार जोड्या फाटतात. काका दाभोळचे. पगार जहाजावर असेपर्यंत. घरी गेले की बंद.

६.४०
पिवळा बोया क्रेनने वर घेतला. खालच्या साखळीला जाळ्याचे तुकडे आणि नायलॉनचे पीळ. बोयाखाली मासे जमतात, म्हणून होड्या इथे येतात, बोयालाच बांधून घेतात. त्या ओढाताणीत दोर तुटतो, अँटेना मोडते. काका चाकूने एकेक पीळ कापतात. राग नाही. "माझा बापूस पण मासळीमागंच फिरला. त्यांना हितं मासळीच दिसनार."

१०.२०
तळाच्या यंत्राला जहाजातून ध्वनीचा इशारा दिला. तीन किलोमीटर खोल. आवाज पोचायला दोन सेकंद. आकडा सुटतो, वजन तळाशीच राहतं. काचेचे पोकळ गोळे यंत्राला वर आणतात, त्याला तासभर लागतो. सगळे कठड्याला उभे.

हे यंत्र दर १५ सेकंदांनी पाण्याचा दाब मोजतं. आमचं जहाज हलवणाऱ्या लाटा तळापर्यंत पोचत नाहीत. त्सुनामी भर समुद्रात हातभरच उंच, जहाजावर कळणारही नाही. पण तिचा भार तळाला लागतो. अंदाजापेक्षा तीन सेंटिमीटरचा फरक पडला, की यंत्र बोयाला हाक मारतं आणि बोया उपग्रहाला.

दुपारी १.३०
नवं यंत्र तळाकडे सोडलं. आता नवा बोया पाण्यात. मग दोर. काकांचा तळवा सरकत्या दोरावर, नजर रिळावर. खरचटलेली जागा दिसली की हात वर, विंच बंद. जेवण उभ्यानेच: भात, सांबार, तळलेला बांगडा. दोर संपत नाही.

२६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळ सकाळी ६.२९ ला भूकंप झाला. लाट चेन्नईला पोचायला सुमारे अडीच तास लागले. तेव्हा या समुद्रात असा एकही बोया नव्हता. अडीच तास हातात होते, आणि किनाऱ्यावर कुणाला कळलं नाही. मला ते अजून सहन होत नाही.

५.५०
शेवटी वजन. काका हुक सोडतात. बोया ताणाबरोबर झुकतो, मग सरळ होतो.

रात्री ८.१५
हैदराबादला 'इन्कॉइस'च्या त्सुनामी इशारा केंद्रात पहिले आकडे पोचल्याचा निरोप आला. काका मोरीत हातमोजे धुतायत. उजव्याचा अंगठा फाटलाय.
"बोया लागला का?"
"लागला, काका."
मोजे तारेवर टाकतात. पुढचा बोया उद्या, रात्रभराच्या वाटेवर.