जुनी बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो अडली? पार्ट बदलण्याआधी व्होल्ट मोजा. बॅटरीपासून ब्रेकपर्यंत बिघाड ओळखायचा कसा?

जालना-मंठा रस्त्यावर परतूरकडे वळायचं ठिकाण म्हणजे वाटूर फाटा. पहाटे पाचची वेळ, घरातल्या आजारी माणसाला जालन्याला न्यायचंय आणि दारातली बारा-पंधरा वर्षं जुनी डिझेल गाडी चावी फिरवल्यावर फक्त ‘खट’ असा आवाज करते. गॅरेज उघडायला अजून चार तास. गावाकडे जुनी एसयूव्ही वापरणाऱ्या कुणालाही हा प्रसंग नवा नाही.

अशा वेळी बहुतेकदा आधी बॅटरी बदलली जाते. आठ दिवसांनी पुन्हा तेच. मग सेल्फ खोलला जातो, त्यानंतर अल्टरनेटर. हजारो रुपये खर्च झाल्यावर कळतं, की बिघाड इंजिनाला जोडलेल्या एका गंजलेल्या अर्थिंगच्या पट्टीत होता. हा खर्च टाळता येतो. त्यासाठी लागतो काही शे रुपयांना मिळणारा डिजिटल मल्टिमीटर आणि तपासणीचा ठरलेला क्रम.

टाटा सुमो १९९४ मध्ये बाजारात आली आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. बोलेरो २००० मध्ये, तर स्कॉर्पिओ २००२ मध्ये आली. या गाड्या अजूनही मोठ्या संख्येने रस्त्यावर आहेत. शेतमाल, लग्नाचं वऱ्हाड, रुग्ण आणि शाळेची मुलं अशी सगळी कामं त्यांच्याकडून होतात. त्यांच्यातले नेहमीचे बिघाड कोणते आणि ते ओळखायचे कसे, ते पाहूया.

सेल्फ फिरत नाही: दोष बॅटरीचा की वायरचा?

मीटर लावण्याआधी एक सोपी चाचणी करा. हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा.

• लाइट एकदम मंदावला किंवा विझला, तर बॅटरी कमजोर आहे किंवा टर्मिनल सैल आहे.
• लाइट तसाच प्रखर राहिला आणि काहीच हललं नाही, तर सेल्फचा सोलेनॉइड, त्याची वायर, रिले किंवा चावीचा स्विच तपासा.
• डॅशबोर्डवर एकही दिवा लागत नसेल, तर टर्मिनल आणि मुख्य फ्यूज पाहा.

आता मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसले, तर ती पूर्ण चार्ज आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. सेल्फ फिरत असताना आकडा ९.६ च्या खाली गेला, तर बॅटरी चार्ज करून पुन्हा मोजा. चार्ज केल्यानंतरही तेवढाच उतरत असेल, तर बॅटरी बदलण्याची वेळ आली असं समजा.

बॅटरी चांगली असूनही सेल्फ रडतखडत फिरत असेल, तर अर्थिंग मोजा. मीटरची काळी वायर बॅटरीच्या ऋण टोकावर आणि लाल वायर इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरा. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. मीटरवर ०.२ व्होल्टच्या आसपास दिसलं तर ठीक. ०.५ च्या वर गेलं, तर अर्थिंगची वायर किंवा तिचा बोल्ट गंजला आहे. काळ्या मातीच्या भागात हे जास्त होतं. चिखल चॅसिसला चिकटून दिवसेंदिवस ओला राहतो आणि बोल्टखाली गंज धरतो. बोल्ट काढून पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा.

दुसऱ्या गाडीवरून जम्पर केबल लावताना क्रम चुकवू नका. आधी बंद बॅटरीचं धन टोक, मग चांगल्या बॅटरीचं धन टोक, त्यानंतर चांगल्या बॅटरीचं ऋण टोक. शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब जोडायचं. बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो आणि शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते, म्हणून ही काळजी.

रात्रीत बॅटरी उतरते, ती कशामुळे?

कारणं प्रामुख्याने दोन. एकतर बॅटरी चार्जच होत नाही, किंवा गाडी बंद असताना कोणीतरी करंट खातंय.

पहिलं कारण इंजिन चालू ठेवून तपासा. हेडलाइट लावलेले असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. १३ च्या खाली असेल तर अल्टरनेटर, ज्याला अनेक जण अजूनही डायनॅमो म्हणतात, चार्ज देत नाही. बेल्ट सैल असणं, कार्बन ब्रश झिजणं किंवा रेग्युलेटर जाणं ही त्याची नेहमीची कारणं. १५ च्या वर आकडा गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे. अशाने बॅटरीचं पाणी उडतं आणि बल्ब वारंवार जातात.

दुसऱ्या कारणाचा हिशेब सोपा आहे. गाडी बंद असताना ५० मिलिअँपिअरपर्यंत करंट जाणं चालतं. नंतर बसवलेला म्युझिक प्लेअर, जीपीएस ट्रॅकर किंवा एलईडी पट्टी अर्धा अँपिअर खात असेल, तर ६० अँपिअर-तासांची बॅटरी १२० तासांत, म्हणजे पाच दिवसांत रिकामी होते. सेल्फ मारण्याची ताकद तर त्याच्या बरीच आधी संपते.

हा करंट मोजण्यासाठी ऋण केबल काढून मीटर १० अँपिअरच्या जागेवर, केबल आणि टर्मिनलच्या मधोमध जोडा. मीटर जोडलेला असताना चावी फिरवू नका, नाहीतर मीटरचा फ्यूज उडेल. मग एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा खाली येतो, चोर त्या लाइनवर आहे.

गावाकडचा एक जुना उपाय मात्र सोडून द्या. अल्टरनेटर चार्ज देतो का हे पाहण्यासाठी चालू इंजिनावर बॅटरीचं टर्मिनल काढलं जातं. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि अल्टरनेटरचे डायोड किंवा गाडीचा ईसीएम जळू शकतो.

लाइट, हॉर्न, वायपर: फ्यूजमध्ये तार घालू नका

फ्यूजचे रंग ठरलेले असतात. लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घातली, की दोष तसाच राहतो आणि फ्यूजऐवजी वायरिंग तापतं. जुन्या गाडीला आग लागायला एवढं कारण पुरेसं आहे. तोच फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल, तर वायर कुठेतरी लोखंडाला घासते आहे. उंदरांनी वायरी कुरतडल्या आहेत का, तेही बोनेट उघडून पाहा. धान्य आणि सरकीजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हा धोका जास्त.

रिले तपासायला मीटरही लागत नाही. हॉर्न वाजत नसेल, तर तसाच आणि त्याच नंबरचा दुसरा रिले काढून तिथे लावून पाहा. ब्रेक दाबल्यावर पार्किंग लाइट किंवा इंडिकेटर मिणमिणत असतील, तर मागच्या दिव्याचं अर्थिंग गेलं आहे. एका बाजूचा इंडिकेटर घाईघाईने लुकलुकणं म्हणजे त्या बाजूचा एखादा बल्ब गेल्याची खूण.

सेल्फ फिरतो, पण गाडी सुरू होत नाही

आता शोध डिझेलचा. टाकीत डिझेल आहे, तरी फिल्टरमध्ये पाणी साचलंय का पाहा. फिल्टरखालचा नळ सैल करून पाणी काढता येतं. फिल्टर बदलल्यावर किंवा टाकी कोरडी पडल्यावर लाइन हवा धरते. तेव्हा हँड पंप कडक होईपर्यंत दाबून हवा काढावी लागते. सकाळी सुरू व्हायला त्रास आणि एकदा सुरू झाली की दिवसभर ठीक, असं असेल तर कुठल्या तरी पाइपातून हवा शिरत असावी. हीटर प्लग असलेल्या इंजिनात थंडीच्या दिवसांत तेही तपासा.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या अनेक इंजिनांत डिझेल बंद करणारा सोलेनॉइड असतो. त्याची वायर निघाली तरी गाडी सुरू होत नाही. कॉमन रेल इंजिनात मात्र इंजेक्टरचे पाइप घरी सैल करू नयेत. तिथला दाब हजार बारच्याही वर जातो आणि त्या दाबाची डिझेलची बारीक धार कातडीत घुसून गंभीर इजा करते. अशा गाडीत इंजिनचा दिवा लागला असेल, तर आधी स्कॅनर लावून कोड वाचून घ्या, मग पार्ट बदला.

धुराचा रंगही माहिती देतो. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. एअर फिल्टर आणि टर्बोचा पाइप पाहा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. गाडी तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर न जळलेलं डिझेल किंवा सिलिंडरमध्ये शिरणारं कूलंट, या दोन शक्यता असतात.

एक बेल्ट तुटला, तर तीन कामं बंद

जुन्या डिझेल गाड्यांत हे समजून घेणं सर्वांत महत्त्वाचं. समोरच्या बेल्टवर अल्टरनेटर फिरतो आणि अनेक इंजिनांत वॉटर पंपही. त्यातच अनेक गाड्यांत अल्टरनेटरच्या मागे व्हॅक्यूम पंप बसवलेला असतो आणि ब्रेकच्या बूस्टरला ताकद तिथून मिळते. त्यामुळे बॅटरीचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला, की फक्त चार्जिंग गेलं असं समजू नका. बेल्ट तुटला असेल, तर थोड्याच वेळात इंजिन तापेल आणि ब्रेक दगडासारखा कडक होईल. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, बेल्ट पाहा.

बूस्टर तपासणं सोपं आहे. इंजिन बंद असताना ब्रेक चार-पाच वेळा दाबा. पेडल कडक झालं की पाय दाबून ठेवा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं, तर बूस्टर ठीक. अजिबात हललं नाही, तर व्हॅक्यूमचा पाइप, पंप किंवा बूस्टर यांत दोष आहे. पेडल स्पंजसारखं दबत असेल तर लाइनमध्ये हवा आहे. हळूहळू खाली जात राहिलं, तर मास्टर सिलिंडर झिजला आहे किंवा ऑइल गळतंय. पेडल असं वागत असेल, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, मिस्त्रीलाच बोलवा.

इंजिन का तापतं?

मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो, त्यात रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी. जड पाण्यातले क्षार नळ्यांत थर धरतात आणि उष्णता बाहेर पडत नाही. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचंच मिश्रण वापरा. सोयाबीन आणि तुरीच्या काढणीनंतर रेडिएटरच्या जाळीत भुसा अडकतो. तो इंजिनाच्या बाजूने पाण्याची हलकी धार मारून काढा.

गरम इंजिनाचं रेडिएटर झाकण उघडू नका. उकळतं पाणी तोंडावर उडतं. काटा लाल पट्ट्यात गेला, तर गाडी थांबवा. ‘पुढच्या गावापर्यंत नेऊ’ म्हणत चालवलेल्या गाडीचं हेड वाकतं, हेड गॅस्केट जातं आणि पाइपाचं काम इंजिनावर येतं.

खालून येणारे आवाज

• गिअर टाकताना मागे ‘टक्’ आवाज: प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस झिजला असावा.
• खड्ड्यातून जाताना खडखड: बुश, शॉकअप किंवा पाट्यांच्या शॅकल पिना.
• स्टिअरिंगला जास्त मोकळीक: टाय रॉड एंड, बॉल जॉइंट किंवा स्टिअरिंग बॉक्स. तातडीने दाखवा.
• इंजिन ओरडतं, पण चढावर गाडी वेग घेत नाही: क्लच प्लेट घसरते आहे.

कधी थांबायचं?

ऑइल प्रेशरचा दिवा, तापमानाचा लाल काटा, ब्रेक पेडलमधला बदल, स्टिअरिंगची जास्त मोकळीक आणि जळका वास. या पाचांपैकी एकही दिसलं, तर पुढे जाऊ नका. हॉर्न, वायपरची मोटर किंवा काच बिघडली, तर दिवसा आणि कोरड्या हवेत सांभाळून गॅरेज गाठता येतं.

पंधरा वर्षांनंतरची परीक्षा

खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणीत पास झाल्यावर ती पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. मोटारीच्या नूतनीकरणाचं केंद्रीय शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५ हजार रुपये झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या हलक्या मोटार वाहनांसाठी ते १० हजार करण्यात आलं. म्हणजे २०१० मध्ये एमएच-२१ पासिंग झालेल्या गाडीची पहिली मुदत २०२५ मध्येच संपली. तपासणीत लाइट, इंडिकेटर, ब्रेक, स्टिअरिंग आणि धूर पाहिला जातो. वर सांगितलेले बरेच दोष तिथेही आडवे येतात, त्यामुळे ते आधीच काढलेले बरे.

गाडीत मल्टिमीटर, वेगवेगळ्या अँपिअरचे फ्यूज, एक जास्तीचा बेल्ट, जम्पर केबल, १० आणि १३ नंबरचे पाने, टॉर्च आणि कूलंटची बाटली ठेवा. महिन्यातून एकदा सकाळी दोन आकडे वहीत लिहा: बंद गाडीचे व्होल्ट आणि चालू गाडीचे व्होल्ट. आकडे महिन्यागणिक उतरताना दिसले, की मिस्त्रीला ती वही दाखवा. गाडी फाट्यावर अडण्याच्या आधीच दुरुस्ती उरकता येईल.