शिसपेन्सिलीतली स्मृती

मोरचूद आणि गंधकाम्ल यांचं द्रावण, त्यात बुडवलेली शिसपेन्सिलीची कांडी आणि तिच्यावर चढणारा तांब्याचा मुलामा. १९६० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रा. बर्नार्ड विड्रो आणि त्यांचा विद्यार्थी टेड हॉफ यांनी शिकणाऱ्या यंत्रासाठी स्मृती घडवली ती या सामानातून.

गरज त्यांच्याच ॲडलाइन यंत्राने निर्माण केली होती. त्यावर चार बाय चारचे सोळा खटके होते आणि प्रत्येक खटक्याच्या वाट्याला एक बटण. खटक्यांनी एखादी आकृती मांडायची, यंत्राचं उत्तर पाहायचं आणि ते चुकलं तर बटणं थोडी थोडी फिरवायची. किती फिरवायची, याचा नियम दोघांनी १९५९ मध्येच शोधला होता: चूक जेवढी मोठी, तेवढी दुरुस्ती मोठी. पण बटणं फिरवायची कोणी? बफेलोत फ्रँक रोझेनब्लॅट यांच्या परसेप्ट्रॉन या शिकणाऱ्या यंत्रात हे काम विजेच्या मोटारींकडे होतं. यंत्राला चारशे प्रकाशघटांचा डोळा होता आणि ते शिकताना मोटारी फिरायच्या.

विड्रो-हॉफ यांच्या त्या तांब्याच्या स्मृतीत, म्हणजे ‘मेमिस्टर’मध्ये, काहीच फिरत नव्हतं. बटणाची जागा कांडीच्या रोधाने घेतली होती. एका दिशेने वीज सोडली की कांडीवर तांबं चढे आणि रोध घटे. उलट दिशेने सोडली की तांबं विरघळे आणि रोध वाढे. वीज बंद केली तरी मुलामा जागच्या जागी. आता खरी मेख: साठवलेलं वाचतानाही वीज सोडावीच लागते, मग वाचता वाचता मुलामा बदलायचा नाही का? म्हणून लिहायला एकदिश प्रवाह आणि वाचायला प्रत्यावर्ती. तो जेवढं चढवतो तेवढंच उतरवतो.

या खटाटोपामागचं गणित सोपं आहे. ओहमच्या नियमाने दाब गुणिले वाहकता (रोधाच्या उलट) म्हणजे प्रवाह. असे अनेक प्रवाह एका तारेत आले की बेरीज आपोआप होते. अशा शिकणाऱ्या यंत्राचं, म्हणजे चेताजाळ्याचं, बहुतेक काम हेच, गुणाकार आणि बेरीज. डिजिटल संगणकात हेच आकडे स्मृतीतून प्रक्रियकाकडे सतत वाहून न्यावे लागतात, आणि प्रत्यक्ष आकडेमोडीपेक्षा या हमालीतच जास्त ऊर्जा जाते.

तरीही पुढची दशकं डिजिटलने जिंकली. त्यात हॉफ यांचाही हात होता: इंटेलमध्ये गेल्यावर १९७१ च्या ४००४ या प्रक्रियकाची मूळ रचना त्यांनीच सुचवली. त्याच इंटेलने १९८९ मध्ये १०,२४० ॲनालॉग जोडण्यांची ‘ईटॅन’ चिप आणली, पण तिचा बाजार जमला नाही.

आता द्रावणाची जागा घन पदार्थांनी घेतली आहे. आयबीएमने २०२३ मध्ये साडेतीन कोटी प्रावस्था-बदल घटकांची, म्हणजे पदार्थाची अवस्था बदलून रोध ठरवणाऱ्या घटकांची, चिप दाखवली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने २०२४ मध्ये वाहकतेच्या १६,५०० पातळ्या धरणारी रेणूंची पापुद्र्यासारखी स्मृती. आकडे डोळे दिपवणारे खरे, पण दुखणी आहेतच. प्रावस्था-बदल घटकाचा रोध ठेवल्या जागी हळूहळू सरकतो. शिवाय चढवण्याचं आणि उतरवण्याचं पाऊल बहुतेक घटकांत सारखं पडत नाही, आणि शिकण्यासाठी तर ही पावलं लाखो वेळा टाकायची असतात. आयबीएमच्या त्या चिपवर चाललेली चेताजाळीही आधी डिजिटल संगणकावर शिकवून मगच तिच्यात उतरवली होती. तेव्हा शिकलेलं वापरण्यापुरती ॲनालॉग स्मृती हाताशी आली आहे. शिकवणी मात्र अजून डिजिटलकडेच आहे.