रातोरात पंतप्रधान

२३ जून २०१० च्या संध्याकाळी सात वाजता ऑस्ट्रेलियात एबीसी वाहिनीच्या बातम्या सुरू झाल्या. पंतप्रधानांची खुर्ची धोक्यात आहे, हे मंत्रिमंडळातल्या काही जणांनाही त्या बातम्यांतूनच कळलं. रात्री उशिरा पंतप्रधान केव्हिन रड पत्रकारांसमोर आले. सकाळी नऊला मजूर पक्षाची बैठक आहे आणि मी लढणार, असं सांगून ते आत गेले. रात्रभर फोन फिरले, गणितं मांडली गेली, आणि उजाडेपर्यंत रड यांना आपलं गणित कळून चुकलं. त्यांनी अर्जच भरला नाही. उपपंतप्रधान ज्युलिया गिलार्ड बिनविरोध नेत्या झाल्या आणि गव्हर्नर जनरल क्वेंटिन ब्राइस यांच्यासमोर शपथ घेऊन देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान बनल्या.

लोकांच्या मनात घर करून राहिला तो मात्र शपथविधी नव्हे. संसद भवनाच्या अंगणात बायकामुलांसह उभे राहून रड आपल्या सरकारच्या कामांची यादी सांगत होते. आदिवासी कुटुंबांतून हिरावून नेलेल्या मुलांची २००८ मध्ये देशाच्या वतीने मागितलेली माफी, अवयवदानाची योजना. मध्येच आवाज चिरके, ते थांबत, पुन्हा सुरू करत. टीव्हीसमोरच्या मतदाराला प्रश्न पडला: या माणसाला मत मी दिलं होतं, मग काढणारे हे कोण?

कायद्याने बोलायचं तर तो प्रश्नच चुकीचा होता. ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत पंतप्रधान या पदाचा उल्लेखही नाही. लोक खासदार निवडतात, नेता बहुमतवाल्या पक्षाचे खासदार ठरवतात. पक्षांतरबंदी कायदा तिकडे नाही. आपल्यासारखी कुणाला गुवाहाटी गाठावी लागत नाही, पक्षाच्या बैठकीतच काम उरकतं. त्याला ‘स्पिल’ म्हणतात. १९९१ मध्ये पॉल कीटिंग यांनी बॉब हॉक यांना असंच ५६ विरुद्ध ५१ मतांनी उतरवलं होतं. पण २००७ ची निवडणूक मजूर पक्षाने ‘केव्हिन ०७’ असं छापलेले टीशर्ट वाटून लढवली होती. वर्षभर एकाच माणसाचा चेहरा विकायचा आणि नंतर घटनेकडे बोट दाखवायचं, हे लोकांना पटण्यासारखं नव्हतं. शिवाय रड यांना का काढलं, हेही कुणी धड सांगेना. सरकार वाट चुकलं होतं, एवढंच गिलार्ड म्हणाल्या. कार्बन उत्सर्जनावरच्या योजनेतली माघार, खाणमालकांवरच्या नव्या करावरून उठलेलं वादळ आणि सहकाऱ्यांना विश्वासात न घेण्याची रड यांची रीत, ही कारणं आतल्या गोटात सर्वांना ठाऊक होती. बाहेर मात्र मौन. माझ्या मते मजूर पक्षाची खरी चूक ही. काढणं लोकांनी कदाचित पचवलं असतं.

आणि तिथला चिडलेला मतदार घरी बसू शकत नाही. १९२४ च्या कायद्यापासून संघीय निवडणुकीत मतदान सक्तीचं आहे. चुकवलं तर २० डॉलर दंड. शनिवारी शाळेच्या आवारात रांग लावायची, पालकांनी मांडलेल्या शेगडीवरचं सॉसेज पावात घालून कांद्यासकट खायचं आणि जो राग असेल तो मतपत्रिकेवर काढायचा. २१ ऑगस्ट २०१० ला तो निघाला, पण सगळीकडे सारखा नाही. रड यांच्या क्वीन्सलंडमध्ये मजूर पक्षाचं पानिपत झालं. गिलार्ड यांच्या व्हिक्टोरियात आणि त्या जिथे वाढल्या त्या दक्षिण ऑस्ट्रेलियात मुख्य प्रतिस्पर्ध्याच्या तुलनेत पक्षाची मतं उलट वाढली. बाद मतांचं प्रमाण साडेपाच टक्क्यांवर गेलं, १९८४ नंतर सर्वाधिक. मजूर पक्षाचेच माजी नेते मार्क लेथम यांनी कोरी मतपत्रिका टाकायचं उघड आवाहन केलं होतं. दोन्ही बाजूंना ७२-७२ जागा मिळाल्या आणि सतरा दिवसांच्या घासाघिशीनंतर अपक्षांच्या टेकूवर गिलार्ड यांचं सरकार उभं राहिलं.

मराठी वाचकाला गिलार्ड आठवत असतील त्या ऑक्टोबर २०१२ च्या भारतभेटीत सचिन तेंडुलकरला ‘ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया’ जाहीर करणाऱ्या पाहुण्या म्हणून. मायदेशी त्यांना ते स्वागत कधी लाभलं नाही. आधीच्या वर्षी त्यांच्या सरकारच्या कार्बन कराविरोधी मोर्चात त्यांना चेटकीण म्हणणारे फलक झळकले आणि विरोधी पक्षनेते टोनी ॲबट त्याच फलकांपुढे उभे राहून बोलले. भारतात येण्याच्या आठवडाभर आधी त्यांनी संसदेत ॲबट यांना स्त्रीद्वेषावरून धारेवर धरलं. ते भाषण जगभर पाहिलं गेलं, पण घरच्या वृत्तपत्रांत बऱ्याच स्तंभलेखकांनी त्याला राजकीय चलाखी म्हणून निकालात काढलं. रड यांचा काटा काढल्याचा डाग आणि बाई असण्याचा राग, यांतलं काय किती, हे तेव्हा कुणाला वेगळं करता येत नव्हतं. २६ जून २०१३ ला रड यांनी ५७-४५ ने हिशेब चुकता केला, आणि सप्टेंबरात पक्ष सत्तेवरून गेला.

लिबरल पक्षाने यातून धडा घ्यायचा, तर त्यांनी कित्ता गिरवला. सप्टेंबर २०१५ मध्ये माल्कम टर्नबुल यांनी आपल्याच पक्षाचे पंतप्रधान झालेल्या ॲबट यांना उतरवलं. ऑगस्ट २०१८ मध्ये टर्नबुल यांची पाळी आली आणि पीटर डटन यांच्या बंडातून स्कॉट मॉरिसन ४५-४० ने वर आले. टर्नबुल का गेले, हा प्रश्न विरोधक संसदेत विचारत राहिले. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या निवडणूक अभ्यासात २०१९ मध्ये ७४ टक्के मतदारांनी या बदलाची रीत नापसंत केली. रड यांच्या वेळीही नापसंती जवळपास एवढीच होती. ॲबट यांच्या वेळी मात्र मतं निम्मी-निम्मी. म्हणजे लोक तत्त्वावर रागावतात तसे माणूस पाहूनही रागावतात. सिडनीच्या धनाढ्य वेंटवर्थमध्ये, टर्नबुल यांच्या रिकाम्या जागेवर, ऑक्टोबर २०१८ ला पोटनिवडणूक झाली. लिबरल पक्षाचा तो पिढीजात गड सुमारे १९ टक्के मतं फिरून अपक्ष डॉक्टर केरिन फेल्प्स यांच्याकडे गेला. सात महिन्यांनी त्याच वेंटवर्थने हरलेल्या लिबरल उमेदवाराला, भारतीय वंशाच्या डेव्ह शर्मांना, निवडून दिलं आणि सगळ्या चाचण्या खोट्या पाडत मॉरिसन जिंकले. तोवर लोक करांवर मत देत होते.

राग विरला, पण नुकसान दुसरीकडे झालं. त्याच अभ्यासात लोकशाहीबद्दल समाधानी असलेले मतदार २००७ मध्ये ८६ टक्के होते, २०१९ मध्ये ५९ टक्के.

पक्षांनी मग स्वतःचेच हात बांधले. लिबरल पक्षाने डिसेंबर २०१८ मध्ये नियम केला: निवडणूक जिंकलेला पंतप्रधान काढायचा तर दोन तृतीयांश खासदार हवेत. मजूर पक्षात रड यांनी २०१३ मध्येच ही अट ७५ टक्क्यांवर नेऊन ठेवली होती आणि नेतानिवडीत निम्मं वजन सामान्य सदस्यांना दिलं होतं. त्या पद्धतीची पहिली लढत त्याच वर्षी ऑक्टोबरात झाली. एका बाजूला होते बिल शॉर्टन, रड आणि गिलार्ड दोघांनाही उतरवण्यात हात असलेले. दुसरीकडे अँथनी अल्बनीजी, ज्यांनी २०१० ची ती रात्र चूक होती असं २०१२ मध्ये डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं. सदस्यांनी सुमारे ६० टक्के मतं अल्बनीजींना दिली, खासदारांनी त्याहून मोठा कौल शॉर्टनना, आणि बेरजेत शॉर्टन नेते झाले. अल्बनीजींना पंतप्रधान व्हायला २०२२ उजाडावं लागलं.