घोट्याचा पट्टा : कधी बांधावा, कधी सोडावा



मार्च लागला की उमरेड, भिवापूर, कुही या तालुक्यांतील जंगलाकाठच्या गावांत मोहफुलांचे दिवस सुरू होतात. उजाडायच्या आत बायामाणसे टोपल्या घेऊन झाडाखाली पोहोचतात. मे महिन्यात तेंदूपाने येतात. पाने तोडायची, डोक्यावरून घरी आणायची, ७० पानांचे एक अशी पुडकी बांधायची आणि संध्याकाळी मोजून द्यायची. पाऊस पडला की धानाची रोवणी. या कामांत पाय सपाट जमिनीवर क्वचितच पडतो. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात, पावसाळ्यात धुरे निसरडे होतात, आणि जंगलात पालापाचोळ्याखालचा दगड दिसत नाही. म्हणून घोटा मुरगळणे ही आपल्या भागातली रोजची गोष्ट आहे.

शहरात पाय मुरगळला तर माणूस दोन दिवस रजा घेतो. तेंदूचा हंगाम मात्र जेमतेम काही आठवड्यांचा असतो. त्या दिवसांत घरी बसलेल्या बाईच्या हातून वर्षाची मोठी रोख कमाई जाते. म्हणून ती चिंधी आवळून बांधते आणि पुन्हा निघते. अर्धवट बरा झालेला घोटा पुढच्या हंगामात पुन्हा त्याच जागी मुरगळतो.

“आम्ही घोट्याचे पट्टे पाठवू का?” असे आपल्यापैकी काहीजण विचारतात. औषधाच्या दुकानात यालाच अँकल बाइंडर, अँकल सपोर्ट किंवा ब्रेस म्हणतात. उत्तर होय असेच आहे. पण पट्टा कोणाला, कधी आणि किती दिवस, हे कळल्याशिवाय दिला तर तो खुंटीला लटकतो, किंवा अपायही करतो.

मुरगळतो म्हणजे काय होते?

घोट्याची हाडे एकमेकांना लिगामेंट नावाच्या चिवट पट्ट्यांनी जखडलेली असतात. पाऊल आत वळून शरीराचा भार बाहेरच्या कडेवर आला की बाहेरच्या बाजूची लिगामेंट ताणली जातात किंवा फाटतात. सूज येते, एकदोन दिवसांत जागा काळीनिळी पडते. लिगामेंटला इजा झाली की पाऊल कसे पडले आहे याची जाणीवही कमी होते. पाय तिरपा पडतोय हे उशिरा कळते आणि तो पुन्हा मुरगळतो. पट्ट्याचा उपयोग इथे आहे. तो पाऊल आत वळू देत नाही, आणि कातडीवरच्या स्पर्शाने पायाकडे लक्ष ठेवायला लावतो.

आधी हाड मोडले नाही ना, ते पाहावे

१९९२ साली कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी एक्स-रे कोणाचा काढावा याचे सोपे नियम मांडले. ते आज जगभर वापरले जातात आणि गावात काम करणाऱ्या कोणालाही शिकता येतात. पुढीलपैकी एक जरी गोष्ट असली तरी एक्स-रे हवा :

१. घोट्याच्या बाहेरच्या किंवा आतल्या हाडाच्या मागच्या कडेवर अथवा टोकावर बोटाने दाबले असता दुखते.
२. पावलाच्या बाहेरच्या कडेला, मध्यावर जे हाड वर आलेले असते, तिथे दाबले असता दुखते.
३. पावलाच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या थोडे पुढे असलेल्या हाडावर दाबले असता दुखते.
४. पाय मुरगळल्यावर लगेच आणि तपासतानाही चार पावले टाकता येत नाहीत, लंगडतसुद्धा नाहीत.

अशा वेळी पट्टा बांधून वाट पाहू नये. पाय हलू न देता सरकारी दवाखान्यात न्यावे. पाय वाकडा दिसत असेल किंवा बोटे बधिर वा थंड पडली असतील तर उशीर मुळीच नको. लहान मुलांची हाडे टोकाशी अजून वाढत असतात, म्हणून आश्रमशाळेतले मूल कबड्डी खेळताना पडले तर ते डॉक्टरांना दाखवलेलेच बरे.

आणखी एक गोष्ट. पहाटे जंगलात गेलेल्या माणसाचा पाय सुजला आहे आणि मुरगळल्याचे त्याला आठवत नाही, तर सर्पदंशाची शक्यता धरावी. तिथे काहीही आवळून बांधू नये. १०८ क्रमांकाला फोन करावा.

पहिले दोन-तीन दिवस

हाड शाबूत असेल तर पाय उंच ठेवून विश्रांती द्यावी आणि क्रेप बँडेज बोटांकडून वरच्या दिशेने गुंडाळावे. बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून एका वेळी १५ ते २० मिनिटे लावावा. बर्फ नसेल तर माठातल्या पाण्यात भिजवलेले फडके चालते. या दिवसांत गरम शेक आणि जोराची मालीश टाळावी, त्याने सूज वाढते. पाय ओढून “जागेवर बसवून” घेऊ नये. आंबेहळदीचा लेप आजी प्रेमाने लावते, तिला दुखवायचे कारण नाही. फक्त लेप उकळता गरम नसावा आणि कातडी फाटलेली नसावी.

आपल्या भागात इथे एक सावधगिरी हवीच. विदर्भातील आदिवासी आणि इतर अनेक समाजांत सिकलसेलचा आजार आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाला बर्फ लावू नये, गारठ्याने त्याच्या वेदना उसळू शकतात. या आजारात मार न लागताही सांधे दुखतात आणि घोट्याभोवती चिघळणाऱ्या जखमा होतात. अशा जखमेवर पट्टा बांधला तर ती वाढते. कुष्ठरोगाने किंवा मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनाही पट्टा काचल्याचे कळत नाही. म्हणून पट्टा देण्याआधी हे तीन प्रश्न विचारावेत.

पट्टा कोणता आणि किती दिवस?

मोज्यासारखा लवचीक पट्टा हलक्या दुखण्याला पुरतो. तो सूज आवरतो, पण पाऊल वळण्यापासून फारसे रोखत नाही. नाडीने किंवा चिकटपट्टीने आवळायचा पट्टा मध्यम इजेला चांगला, कारण सूज उतरेल तसा तो घट्ट करता येतो. दोन्ही बाजूंना कडक पट्ट्या असलेला ब्रेस जास्त इजेसाठी असतो आणि तो डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.

माप फितीने घ्यावे आणि डब्यावरच्या तक्त्याशी ताडून पाहावे. पातळ सुती मोज्यावर पट्टा बांधावा. बांधल्यावर अंगठ्याचे नख दाबून सोडावे. दोन सेकंदांत लाली परत आली पाहिजे. मुंग्या आल्या, बोटे थंड पडली, तर लगेच सैल करावा. रात्री काढून ठेवावा, कातडी पाहावी, साबणाने धुऊन सावलीत वाळवावा.

हलकी इजा असेल तर एखाद-दोन आठवडे आणि मध्यम असेल तर साधारण चार ते सहा आठवडे पट्टा वापरतात. त्यानंतर घरात तो नको. जंगलात, धुऱ्यावर किंवा खेळाच्या मैदानावर जाताना मात्र आणखी काही महिने बांधावा. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याचा धोका त्याने कमी होतो.

पट्ट्याबरोबर व्यायाम

दुखणे सोसवेल इतके कमी झाले की पट्टा काढून पायाच्या अंगठ्याने हवेत अक्षरे काढावीत. चालणे नीट जमू लागले की भिंतीला हात लावून टाचा उचलाव्यात. पुढे दुखऱ्या पायावर एकट्यानेच ३० सेकंद उभे राहावे, चुलीपाशी भाताला कढ येईपर्यंतही हे जमते. गेलेली जाणीव या व्यायामाने परत येते. हे काम पट्टा करू शकत नाही.

आपण काय पाठवावे?

एकाच मापाचा गठ्ठा पाठवू नये. लहान, मध्यम, मोठी अशी मापे असावीत आणि शक्यतो आवळता येणारे पट्टे असावेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पायताण. हे पट्टे बुटात घालण्यासाठी बनवलेले असतात, आणि आपली माणसे रबरी चपला घालून जंगलात जातात. चपलेत टाच सुटी राहते, त्यामुळे पट्ट्याचा निम्मा उपयोग वाया जातो. म्हणून प्रत्येक पट्ट्यामागे कॅनव्हासचा एक जोड किंवा मागे पट्टी असलेली सँडल धरावी. पावलाचे मापही कळवून घ्यावे.

आणि शक्य असेल तिथे त्या घराला हंगामातले काही दिवस धान्य द्यावे. विश्रांती घ्या, असे सांगणे सोपे असते. घरात तांदूळ असेल तरच ती बाई तीन दिवस पाय उंच करून बसू शकेल.