थरथरत्या हवेची साठ वर्षे

मे महिन्याच्या दुपारी विसरवाडीजवळ सुरत-धुळे महामार्गावर उभे राहिले, की डांबरावर पाणी हलल्यासारखे दिसते आणि समोरून येणारा ट्रक त्यात विरघळतो. लेसरची गेली साठ वर्षे झुंज चालली आहे ती याच थरथरीशी.

भारतातला पहिला लेसर १९६४ साली तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात तयार झाला, गॅलियम आर्सेनाइडचा. पुढच्याच वर्षी तुर्भे आणि कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्यात, सुमारे २० किलोमीटरवर, प्रकाशावाटे संदेश गेला. लेसर जगात येऊन तेव्हा पाचच वर्षे झाली होती. मधे मुंबईची दमट, तापलेली हवा. त्या धाडसाचे मला आजही अप्रूप वाटते.

ही थरथर किरण गिळत नाही, विस्कटते. तापमान एका अंशाने बदलले, की हवेचा अपवर्तनांक जेमतेम दहा लाखांत एक भाग बदलतो. पण गरम-गार हवेचा प्रत्येक भोवरा म्हणजे एक कच्चे भिंग. एक प्रकाश एकवटते, शेजारचे फाकवते. त्यामुळे दूरच्या पडद्यावर लखलखीत आणि काळे डाग क्षणोक्षणी जागा बदलतात. एकूण ऊर्जा जवळपास तेवढीच राहते. लहान संवेदकाच्या वाट्याला मात्र कधी ओंजळभर येते, कधी थेंबही नाही. संवेदकापुढचे प्रकाश गोळा करणारे भिंग मोठे घेतले तर हे चढउतार बरेचसे एकमेकांत जिरतात. मोठे भोवरे फुटून लहान कसे होतात, याचे गणित रशियन गणिती कोल्मोगोरोव यांनी १९४१ मध्येच मांडले होते. त्यांच्याच देशातल्या तातार्स्की यांनी ते प्रकाशाला लावले. सूर्यास्ताच्या सुमारास जमीन आणि हवा सारख्याच तापमानाला येतात, तेव्हा जमिनीलगतचा किरण सर्वांत शांत असतो.

या थरथरीवर एक उपाय म्हणजे वाटेतली हवाच नाहीशी करणे. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढ्याच्या लायगो-इंडिया या लेसरने गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेला २०२३ साली केंद्राची मंजुरी मिळाली. तिथल्या चार-चार किलोमीटरच्या नळ्यांतून हवाच काढून टाकली जाईल.

मला मात्र अधिक भावते ती हवा तशीच ठेवून तिची थरथर दुरुस्त करणारी यंत्रणा: पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने अमेरिकेतल्या कॅलटेकबरोबर उभारलेली रोबो-एओ. २०११ साली कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेत तिचा अतिनील लेसर आकाशात झेपावू लागला. सुमारे दहा किलोमीटर उंचीवरून परतणारा त्याचा मंद प्रकाश म्हणजे कृत्रिम ताराच. तो किती विस्कटला हे पाहून एक लवचीक आरसा सेकंदाला हजाराहून अधिक वेळा आपला आकार बदलत असे, आणि शेजारच्या खऱ्या ताऱ्याचे लुकलुकणारे बिंब रेखीव होई.